नवव्या बाटलीचे बाळसे

"आधी त्यांचं, मग आपलं. आणि बाटली उघडी असताना तोंड उघडायचं नाही. देवाचं नाव घ्यायचं असेल तर मनात घे. त्याला तेवढं ऐकू येतं."

माझ्याआधी बाटल्या सांभाळणाऱ्या थोरल्या बाईंनी पहिल्या दिवशी बजावलेले हे बोल अठरा वर्षे माझ्या कानात आहेत. बाई निवृत्त झाल्या, पुढे देवाघरी गेल्या. पण काचेच्या कपाटापुढे बसून मी पहिल्या बाटलीचे झाकण फिरवले की त्यांचा आवाज येतोच. सकाळी सातला येऊन सगळ्या बाटल्यांचे खाणे होईपर्यंत मी पाण्याचा घोटही घेत नाही. घरी पोचले की सासूबाई विचारतात, "जेवली का तुझी उंदरं?" प्रयोगशाळेत कोणी याला हट्ट म्हणते, कोणी खूळ. माझ्यापुरता तो नेम आहे.

त्या सोमवारी तेवीस बाटल्यांचे झाले आणि मी स्टुलावरून उठणार तोच मोजदाद दारात येऊन उभा राहिला. त्याचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे ठिपके मोजण्यात त्याची हयात गेली, म्हणून तो मोजदाद. एरवी आधी त्याची थट्टा आत येते आणि मागून तो. त्या दिवशी तो नुसताच आला.

"ताई, तेविसावी थाळी पाहिली."

"मग?"

"भोपळा."

"अरे, नीट पाहिलीस का?"

"तीनदा पाहिली. चष्मा पुसून पाहिली. एकसुद्धा जिवंत नाही." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "सरांना तुम्ही सांगता का? माझ्याच्यानं नाही होणार."

आमचे काम बाहेरच्या माणसाला सांगायला गेले तर तो आधी हसतो. उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी यांना रसायनाने एकत्र जुळवायचे. दोघींची मिळून एक होते, वाढू लागते, आणि वाढता वाढता माणसाचा वाटा एकेक करून टाकत जाते. समारंभ आटोपल्यावर पाहुणे काढता पाय घेतात तसा. माणसाच्या पेशीत वंशाचा सारा मजकूर गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांत वाटून ठेवलेला असतो. गळता गळता शेवटी उंदराच्या घरात माणसाचे एकच गुणसूत्र उरते, आणि ज्या बाटलीत ज्या क्रमांकाचे उरले तो क्रमांक बाटलीवर लिहायचा. एक ते बावीस, आणि तेविसावी एक्सची. वाय आम्ही घेतला नव्हता. ज्या पोरीसाठी हे सारे मांडले होते, तिच्यापाशी तो मुळातच नव्हता.

उरलेला तो एकुलता पाहुणाही निघून जाऊ नये म्हणून त्याच्यावर एक खूण बसवलेली असते. खूण ज्या पेशीत असेल तीच आमचे एक जहाल औषध पचवू शकते. जिने पाहुण्याला घालवून दिले ती त्या औषधाने मरते. म्हणून पेशींच्या खाऊबरोबर, म्हणजे गुलाबी पाण्याबरोबर, रोज औषध. आम्ही त्याला पहारा म्हणायचो.

त्या पोरीला आम्ही सगळे टोपीवाली म्हणत असू. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा सहा वर्षांची होती. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे, गळ्याभोवती फडके. ऊन तुमचे माझेही थोडे नुकसान करतेच, पण शरीर ते लगोलग सांधून टाकते. तिच्या पेशींना ते सांधणे येत नव्हते. आईकडून आणि बापाकडून तोच एक मजकूर बिघडलेला आला होता. कुठल्या गुणसूत्रावरचा, ते जगात कोणाला ठाऊक नव्हते.

रुग्णालयाच्या खोलीत तिच्या दंडाच्या आतल्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढी कातडी काढली तेव्हा नळी धरून मीच उभी होते. ती रडली नाही. नळीकडे बघत विचारले, "हे कुठे नेणार?"

"माझ्या बाटलीत."

"तिथे काय खाणार ते?"

"गुलाबी पाणी."

"त्यांना उन्हात नका ठेवू हं." मग माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "परत कापणार?"

"नाही गं बाई. ही एकदाच."

कोणाला न विचारता मी हे बोलून गेले.

तिच्या आईने सरांना सरळ विचारले होते, "यातनं माझ्या लेकीला काही मिळणार नाही ना?" सर आमचे खोटे बोलत नाहीत. ते म्हणाले, "तिच्या वाट्याला बहुतेक नाही. पण जागा सापडली तर पुढे कोणाच्या तरी लेकराला मिळेल." मग म्हणाल्या, "घरात चोर आहे हे कळलंय. कुठल्या खोलीत बसलाय ते तरी कळू द्या."

तेवढ्यासाठी हा खटाटोप होता. प्रत्येक बाटलीतले माणसाचे गुणसूत्र वेगळे काढून टोपीवालीच्या पेशींना द्यायचे. तेवीस थाळ्या, तेवीस गुणसूत्रे. मग सगळ्या थाळ्या दिव्याखाली ठेवायच्या, ज्याच्या प्रकाशात उन्हाचे सारे वाईट एकवटलेले असते. जिला हवा तो मजकूर मिळाला ती थाळी तगेल, बाकीच्या मरतील. तिच्या पेशी नाजूक, लवकर थकणाऱ्या. साठवलेली शेवटची कुपी याच प्रयोगात संपली होती.

आणि तेवीसच्या तेवीस मेल्या होत्या.

सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मी सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे आपली समजूतच चुकली. एका जागचा दोष नसेल हा. तेवीसपैकी एकही नाही, असं लिहून शुक्रवारी अहवाल पाठवतो. बाकीच्या प्रयोगशाळाही मग इथे वेळ घालवणार नाहीत." मग म्हणाले, "तिच्या आईला पत्र तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी परत येऊन इन्क्युबेटर उघडला. कारण काही नव्हते. माणूस दुःखात देवघरापाशी जातो, मी तिथे जाते. बाटल्या ओळीने निजल्या होत्या. त्यांतली नववी सगळ्यांत भरलेली होती. तळ दिसत नव्हता इतक्या पेशी.

तिच्याकडे बघता बघता मला तिचे आधीचे हाल आठवले.

अकरा आठवड्यांपूर्वी ही बाटली मरायला टेकली होती. औषध सोसवत नव्हते तिला. रोज सकाळी पाहावे तर आणखी काही पेशी सुटून वर तरंगत असत. मला राहवले नाही. म्हटले, दोन दिवस औषध नको, जरा दम खाऊ दे. दोन दिवसांनी तिला तरतरी आली. मग वाटले, आणखी दोन दिवस. पंधरवड्यात ती अशी फुलली की मोजदाद म्हणाला, "ताई, नऊ नंबरला बाळसं धरलंय बघा! दृष्ट लागेल कोणाची." मला कोण आनंद झाला. हसऱ्या लेकराला कोण औषध पाजते? नोंदवहीत औषधाच्या रकान्यात बावीस खुणा करायचे आणि नऊपुढे बारीकसा ठिपका द्यायचे. खोटे लिहिले नाही एवढेच समाधान. ठिपक्याचा अर्थ मला कोणी विचारला नाही, मीही कोणाला सांगितला नाही. टोपीवालीच्या नवव्या थाळीसाठी गुणसूत्र काढले ते याच बाटलीतून.

पहारा उठला होता. पाहुणा आत होता की केव्हाच निघून गेला होता?

ते कळायचा मार्ग सोपा होता. मी बाटली कपाटात घेतली, औषध मोजले, घातले. पाहुणा असेल तर ती जगेल. नसेल तर चार दिवसांत काहीही उरणार नाही.

सरांना तेव्हाच सांगायला हवे होते. सांगितले नाही. मनाला म्हटले, खात्री तर होऊ दे.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. आजवर कुठलीही बाटली आजारी पडली की मी मनातल्या मनात म्हणत आले, जगव रे बाबा. आता ओठांवर तेच यायचे आणि मी चपापायची. बाटली जगली तर माझ्याकडून काही चुकले नाही; पण मग नवव्या थाळीचा नकार खरा, आणि टोपीवालीचा चोर सापडायची आशा कायमची संपली. बाटली मेली तर आशा उरते. पण मग तिच्या दंडाची कातडी, दोन वर्षांचे काम, सगळे मी माझ्या हाताने मातीत घातले. अठरा वर्षांत पहिल्यांदा देवाकडे काय मागावे ते मला कळेना. नेम चुकवला नाही. सातला येत होते, हात धूत होते, बावीस बाटल्यांना घालत होते. नवव्या बाटलीला घालताना मात्र मनातसुद्धा शब्द येत नसे.

बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी ओळखलेच. ताटातले चिवडत बसले होते मी.

"उंदरं आजारी आहेत का तुझी?"

"एक बाटली."

"मरेना का एक. तुझ्याकडे खंडीभर आहेत."

"मेली तरी वाईट, जगली तरी वाईट, अशी गत आहे."

"असलं कसलं गं मेलं तुझं काम!" त्या जवळ सरकल्या. नव्वदीला टेकल्यात, पण माझ्यासाठी रोज हात जोडतात, मला न सांगता. "मग मी काय मागू तुझ्यासाठी?"

"खरं काय ते दिसू दे, एवढंच मागा."

"ते मागावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "ते दिसतंच. जेव आता."

गुरुवारी पेशींच्या कडा आक्रसल्या. शुक्रवारी सकाळी बाटली प्रकाशासमोर धरली तेव्हा तळ स्वच्छ दिसत होता. सगळ्या पेशी सुटून पांढऱ्या चुऱ्यासारख्या गुलाबी पाण्यात तरंगत होत्या. एकसुद्धा चिकटून राहिली नव्हती. इतके दिवस मी जिला न्हाऊमाखू घालत होते तिच्यात माणसाचे काही उरलेच नव्हते. निव्वळ उंदीर जोपासला मी.

बाकीच्या बावीस बाटल्यांचे केले. मग नोंदवही आणि ती बाटली घेऊन सरांच्या खोलीत गेले. अहवाल टेबलावर टाइप होऊन पडला होता.

"सर, नऊचा नकार खरा नाही."

त्यांनी बाटली पाहिली. नोंदवही उलटली. ठिपक्यांवरून बोट फिरवत गेले. एक पान, दुसरे पान, पाचवे पान.

"हा ठिपका म्हणजे काय?"

"औषध घातलं नाही."

"का?"

"सोसवत नव्हतं तिला."

"कोणाला?"

मी बाटलीकडे पाहिले.

"कोणाला सोसवत नव्हतं, बाई? बाटलीला?" सरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "तुम्ही बाटलीवर दया केलीत. आणि त्या पोरीची शेवटची कुपी आपण रिकाम्या थाळीत ओतली."

"हो सर."

"सोमवारी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

बराच वेळ ते अहवालाची कड अंगठ्याने उलगडत-मिटत राहिले. मग तो त्यांनी खणात टाकला. "थोरल्या बाईंच्या हातची, गोठवलेली नऊ नंबरची एक कुपी नायट्रोजनच्या टाकीत आहे. ती वितळवून करता येईल. पण कोणावर करणार? मुलीच्या पेशी आहेत कुठे? पुन्हा कातडी मागायला कोण जाणार त्या माउलीकडे?"

"मी जाते."

"आणि बाटल्या आजपासून मोजदाद बघेल. तुम्ही हात लावायचा नाही." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "मला दुसरं काही करता येत नाही, बाई."

"बरोबर आहे सर," मी म्हणाले. खरोखरच बरोबर होते.

फोन सरांच्याच खोलीतून केला. टोपीवालीच्या आईने उचलला. मी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. बाटली, औषध, ठिपका, थाळी.

"तुम्ही तिला म्हणाला होतात एकदाच," त्या म्हणाल्या.

"म्हणाले होते."

"पुढच्या आठवड्यात तिचा डोळा काढणार आहेत. उजवा. डाव्यानं आताच अंधुक दिसतं. ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हते.

"आणि तुम्ही मला आणखी कातडी मागताय."

"हो."

"या वेळी तरी सापडेल?"

"सांगता येत नाही. नऊ नंबरचं राहिलंय, एवढंच खरं आहे. तिथेही नसेल."

"निदान खोटा धीर तरी देत नाही तुम्ही," त्या कडवटपणे म्हणाल्या. "मी हो म्हणणार नाही. नाहीसुद्धा म्हणणार नाही. दंड तिचा आहे. तिलाच विचारा." आणि त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग पावले, मग कुजबुज. मग तो ओळखीचा, जरा घोगरा आवाज.

"बाटलीवाल्या मावशी?"

"हो गं."

"तुम्ही औषध द्यायला विसरलात?"

"विसरले नाही. तिला त्रास व्हायचा, म्हणून दिलं नाही."

"मी पण रडते औषधाला. आई नाक दाबून पाजते." तिने विचारले, "मग ती मेली?"

"मेली."

"असं कसं करता हो मावशी तुम्ही!" अगदी मोठ्या माणसासारखे म्हणाली. मला रडू आले आणि त्यातच हसूही. सर खिडकीबाहेर बघत होते.

"देईन मी," ती म्हणाली. "पण दवाखान्यात नाही येणार. डॉक्टरकाकांना घरी पाठवा. आणि तुम्ही पण यायचं. तुम्ही दिवसा यायचं. आमच्याकडे सगळे अंधार पडल्यावरच येतात, मला बरं वाटावं म्हणून. त्यांना काही दिसलेलंच नसतं. विचारलं की म्हणतात, काही नाही गं, रस्ताच होता."

"मग?"

"तुम्ही चालत यायचं. डोळे उघडे ठेवून. उन्हात जे जे असेल ते सगळं बघायचं आणि मला सांगायचं. मनचं नाही सांगायचं. चुकलं तर मला कळतं."

"येते."

"शप्पथ?"

"शपथ कशाला? येते म्हटलं ना."

मंगळवार ठरला. डॉक्टर परस्पर बारा वाजता जाणार होते.

मंगळवारी सकाळी मी सवयीने सातलाच पोचले. काचेच्या कपाटापुढे मोजदाद बसला होता. तोंडाला फडके, पाठ ताठ, पहिलाच दिवस असल्यासारखा. चौदाव्या बाटलीचे झाकण त्याच्या हातात होते. मी दारातच थांबले. बाटली उघडी होती म्हणून तो बोलला नाही, मीही बोलले नाही. झाकण लावून झाल्यावर तो वळला.

"ताई, औषध सगळ्यांना घातलंय. रडल्या तरी घातलंय." थट्टा करायचा प्रयत्न होता तो. मग खाली बघून म्हणाला, "चहा घ्या तुम्ही. माझं व्हायला वेळ आहे."

चहा घेतला नाही. गुलाबी पाण्याची नळी थर्मासमध्ये ठेवली, थर्मास पिशवीत घातला आणि निघाले. बस तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाते. मी चार थांबे आधीच उतरले. छत्री उघडली नाही.

ऊन रणरणत होते. इतकी वर्षे त्याच्यातून मी मान खाली घालून, कामाच्या घाईत गेले होते. आता पाहू लागले. एका गच्चीवर पाच चादरी वाळत होत्या, त्यांतली एक फाटकी, आणि फाटलेल्या जागेतून उजेडाचा चौकोन समोरच्या भिंतीवर पडून हलत होता. एक माणूस शिडीवर उभा राहून पाटी रंगवत होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात चालला होता. बंद दुकानाच्या पायरीवर कुत्रे निजले होते, नाक सावलीत, बाकी सगळे उन्हात. चिरडलेला पत्र्याचा डबा असा चमकत होता की त्याच्याकडे बघवेना. मी बघितले. डांबराला बारीक फोड आले होते. त्यांतला एक चपलेखाली फुटला.

पुढे एक दार लागले. ओलांडून दहा-बारा पावले गेले आणि थबकले. दार निळे होते की हिरवे? ती विचारणार. हमखास विचारणार.

मी मागे फिरले, दारासमोर उभी राहिले आणि नीट पाहिले. हिरवे होते, उन्हाने रंग उडाला होता तिथे तेवढे निळसर. कडीपाशी, जिथे रोज हात लागतो, तिथे लाकूड उघडे पडले होते.

मनात घोकून घेतले. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.